चाल, पवित्रा आणि चालून जाणे

मराठीत 'चाल' ह्या एकाच शब्दावर आपण किती ओझे टाकले आहे! माणसाची चालण्याची ढब ती चाल, गाण्याची स्वररचना तीही चाल, बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरे जातो ती चाल आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला रिवाज तोही चालच. त्याखेरीज शत्रूवर करतात तीसुद्धा चाल. 'तो त्याच्याकडे चालत गेला' आणि 'तो त्याच्यावर चालून गेला' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. धातू एकच. प्रत्यय बदलला, विभक्ती बदलली आणि फेरफटक्याचा हल्ला झाला. हा प्रत्ययाएवढा फरक ज्याला शब्दांवाचून, केवळ हातापायांच्या रेषांतून दाखवावा लागतो, त्या कारागिराची गोष्ट आम्हांला येथे सांगायची आहे. लढणाऱ्या पात्राची चाल चितारणारा अ‍ॅनिमेटर हा तो कारागीर. साहित्याच्या अभ्यासकांनी ह्यात लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणाला पडला तर त्याने थोडा धीर धरावा. प्रश्न अनुकृतीचा आहे आणि तो आपल्या घरचाच आहे.

चालण्याकडे प्रश्न म्हणून पाहणाऱ्या आधुनिकांच्या आरंभीच्या रांगेत एक कादंबरीकार उभा आहे, ही आम्हांला फार बोलकी गोष्ट वाटते. ओनोरे द बाल्झाकने 1833 साली 'चालीचा सिद्धांत' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक प्रदीर्घ निबंध लिहिला. पॅरिसच्या एका बुलेव्हारवर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल न्याहाळायची आणि चालीवरून माणूस वाचायचा, असा त्याचा खाक्या. शास्त्राचा आव आणलेला, अर्धा थट्टेचा असा हा मजकूर आहे. पण माणूस चालू लागल्यापासून तो कसा व का चालतो हे कोणी नीट विचारलेच नाही, हे त्यातले आश्चर्य मात्र खरे आहे. पुढे तीनच वर्षांनी, 1836 मध्ये, वेबर बंधूंनी जर्मनीत मानवी चालण्याच्या यंत्रणेवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे येणाऱ्या पायाची तुलना लंबकाशी केली. म्हणजे कादंबरीकाराने चालीत स्वभाव शोधला आणि शास्त्रज्ञांनी लंबक. अ‍ॅनिमेटरला दोन्ही लागतात. त्याची सारी पंचाईत ह्या 'दोन्ही'त आहे.

छायाचित्रण आल्यावर डोळ्याला न दिसणारे दिसू लागले. एदवर्ड मायब्रिजने 1878 साली कॅलिफोर्नियात घोड्याच्या धावेची छायाचित्रे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपली, ही हकिकत सर्वपरिचित आहे. 1887 च्या त्याच्या संग्रहातले 781 तक्ते तितके परिचित नाहीत. त्यांत चालणारी, जिना चढणारी, पाणी ओतणारी माणसे आहेत, तसेच मुष्टियोद्धे, कुस्तीगीर आणि तलवारबाजही आहेत. त्याचा फ्रेंच समकालीन एत्येन-ज्यूल मारे ह्याची पद्धत निराळी. 1883 च्या सुमारास त्याने माणसाला नखशिखान्त काळा पोशाख घातला, हातापायांवरून पांढऱ्या पट्ट्या ओढल्या, सांध्यांवर ठिपके लावले आणि काळ्या पार्श्वभूमीपुढून त्याला चालवत एकाच काचेवर अनेक क्षण उमटवले. काचेवर माणूस उरला नाही. रेषांचा एक पंखा तेवढा उरला. आजच्या चित्रपटांत नट अंगावर चकाकणारे ठिपके लावून हालचाली करतात आणि संगणक त्या टिपतो, त्या तंत्राचा पूर्वज हा असा आहे. मारेच्या ह्या प्रयोगांत चालणारे बरेच जण सैनिकी व्यायामशाळेतले जवान होते. सैनिकाने कसे पाऊल टाकले असता तो कमी थकेल, हा त्या काळच्या फ्रान्समध्ये निव्वळ कुतूहलाचा विषय नव्हता. चालीच्या शास्त्रावर चालून जाण्याची सावली सुरुवातीपासूनच आहे.

आता थोडे चालण्याच्या यंत्रणेविषयी. त्यावाचून पुढचे कळणार नाही. साधे चालणे म्हणजे सावरलेले पडणे होय. आपण पुढे झुकतो, तोल जाऊ देतो आणि पडण्यापूर्वी एक पाय पुढे टाकून स्वतःला झेलतो. एका आवर्तनात प्रत्येक पाय सुमारे साठ टक्के वेळ जमिनीवर आणि चाळीस टक्के वेळ हवेत असतो. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असतात तो काळ सुमारे वीस टक्के. अ‍ॅनिमेटर ह्याच्या चार मुख्य मुद्रा करतात: टाच टेकते ती, शरीर खाली दबते ती, मागचा पाय उभ्या पायाशेजारून पुढे जातो ती आणि शरीर वर उचलले जाते ती. मग त्यांच्यामधली चित्रे भरायची आणि शेवटचे चित्र पहिल्याला असे जोडायचे की सांधा दिसू नये. तबल्याच्या आवर्तनाने समेवर यावे तसे पाऊल पुन्हा पहिल्या मुद्रेवर यायला हवे. सम चुकली की पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी लंगडते आहे हे कळते.

ह्यातली तिसरी मुद्रा लढवय्याला परवडत नाही. पाय पायाशेजारून जात असताना सारा भार एका पायावर असतो, पाया अरुंद झालेला असतो आणि त्या क्षणी कोणी नुसते ढकलले तरी माणूस पडतो. म्हणून पवित्र्यात असलेला माणूस आपल्यासारखा चालतच नाही. केंडोत, युरोपीय तलवारबाजीत, मुष्टियुद्धात, सर्वत्र पावलांचा नियम एकसारखा आहे: पुढे जायचे तर पुढचा पाय आधी सरकतो, मागचा तेवढाच त्याच्या मागोमाग येतो, मागे यायचे तर उलट. पाय एकमेकांना ओलांडत नाहीत. कंबर वरखाली होत नाही, कारण उसळणारी कंबर म्हणजे प्रतिस्पर्ध्याला दिलेली आगाऊ सूचना. म्हणजे नवशिक्याला चालचक्र शिकवताना जे जे शिकवतात, ती उसळी, तो हातांचा झोका, तो पायांचा ओलांडा, ते सर्व लढवय्याने टाकून दिलेले असते. त्याची चाल ही न-चालण्याची चाल असते. आणि तरीही ती जिवंत दिसली पाहिजे.

भरतमुनींना हा भेद पुरता ठाऊक होता. नाट्यशास्त्रात उत्तम पात्राचे पाऊल चार ताल अंतराचे, मध्यमाचे दोन आणि अधमाचे एक, असे चालीचे माप घालून दिलेले आहे. रसारसाप्रमाणे गती सांगितली आहे. आणि शस्त्रयुद्धासाठी आलीढ, प्रत्यालीढ ही स्थाने वेगळी काढली आहेत. आलीढात शस्त्र सज्ज करावे आणि प्रत्यालीढात सोडावे. शिवाय रंगमंचावरील प्रहारात खरा छेद होऊ नये, रक्त वाहू नये, असा स्पष्ट निर्बंध आहे. मग लढाई खरी कशाने वाटायची? पवित्र्याने आणि पावलांनी. असो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

खऱ्या चालीवरून चित्रातली चाल गिरवण्याची युक्ती अमेरिकेत मॅक्स फ्लायशरने काढली. 1917 साली त्याला तिचे पेटंट मिळाले. चित्रफितीतील एकेक चौकट काचेखाली मागून उजळायची आणि तिच्यावरून रेषा काढायची, ह्या पद्धतीला रोटोस्कोप म्हणतात. त्याचा भाऊ विदूषकाच्या वेषात कॅमेऱ्यापुढे नाचला आणि त्यातून कोको हा विदूषक जन्मला. 1932 सालच्या एका बेटी बूप चित्रपटात कॅब कॅलोवे ह्या गायकाची घसरती, लवचीक पावले एका भुताळी वॉलरसाला बहाल केलेली आहेत. ज्यांनी ती पाहिली नसतील त्यांनी अवश्य पाहावीत. परंतु युक्तीला एक खोट होती. जशीच्या तशी गिरवलेली आकृती बहुधा तरंगते. गिरवणारा बाह्यरेषेमागे जातो, आणि वजन तर बाह्यरेषेत नसते. ते दबण्यात, थांबण्यात आणि किंचित अतिशयोक्तीत असते. डिस्नेच्या चित्रकारांनी 'स्नो व्हाइट'साठी, म्हणजे 1937 च्या आधी, एका नर्तिकेचे चित्रीकरण करून घेतले, पण त्यांतले जाणते लोक चित्रफीत अभ्यासाला ठेवत आणि चित्र स्वतः काढत. वास्तवाची प्रत वास्तव वाटत नाही, हा वास्तववादी कादंबरीकाराला रोज भेटणारा पेच येथे पेन्सिलीच्या टोकावर आलेला दिसतो.

आणि मग 1980 च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट घडली. चित्रपटात ज्या युक्तीची खोट दिसत होती, ती युक्ती एका दरिद्री यंत्रावर फळाला आली.

जॉर्डन मेक्नर हा येल विद्यापीठातला विद्यार्थी. चित्रपटांचे वेड, कुरोसावाची भक्ती आणि घरी एक अ‍ॅपल टू संगणक. ह्या यंत्राची स्मृती 48 किलोबाइट, पडदा आडवा 280 आणि उभा 192 बिंदूंचा, रंग मोजून सहा. त्या काळच्या खेळांतली माणसे म्हणजे हातपाय फुटलेले ठोकळे असत. मेक्नरने एका कराटे शिक्षकाचे सुपर-एट फितीवर चित्रीकरण केले, चौकटी गिरवल्या, त्या बिंदूंमध्ये उतरवल्या आणि 1984 साली 'कराटेका' हा खेळ ब्रोडरबंड कंपनीतर्फे बाजारात आला. संगीत त्याच्या वडिलांचे. कथा अगदी साधी: अकुमा नावाच्या दुष्ट सरदाराने मारिको हिला किल्ल्यात कोंडले आहे, नायकाने एकट्याने, निःशस्त्र, तिथवर पोचायचे.

येथे रोटोस्कोपची खोट कोठे गेली? आमची समजूत अशी की, ती दारिद्र्यात विरघळली. चेहरा चार बिंदूंचा, पोशाख पांढरा डाग. तेव्हा बाह्यरेषेच्या गुळगुळीतपणाचा प्रश्नच उरला नाही. गिरवण्यातून वाचले ते फक्त कालमान: पाय केव्हा उचलला, किती वेळ अधांतरी राहिला, लाथ मारून मागे येताना शरीर क्षणभर कसे अडखळले. बाकीचे पाहणाऱ्याने आपल्या पदरचे भरले. मारेच्या काळ्या पोशाखाने जे मुद्दाम केले, ते ह्या यंत्राने नाइलाजाने केले.

'कराटेका'तल्या नायकाला दोन देह आहेत, असे म्हटले तरी चालेल. एक सरळ उभा राहणारा आणि धावणारा, दुसरा पवित्र्यातला. पवित्र्यात तो एकेक पाऊल सरकतो, पाय ओलांडत नाही, हात समोर. पहिल्या देहात वेग आहे आणि संरक्षण मुळीच नाही: धावत असताना पहारेकऱ्याचा एकच फटका बसला की खेळ खलास. दुसऱ्या देहात संरक्षण आहे, पण असा सरकत माणूस किल्ला केव्हा गाठणार? तेव्हा खेळणाऱ्याला सतत ठरवावे लागते की आता आपण चालत जाणार की चालून जाणार. कळ दाबून प्रत्यय निवडायचा! शत्रू समोर उभा राहिल्यावर वाकून नमस्कार करण्याचीही सोय आहे. तिचा लढाईत उपयोग काहीच नाही, आणि म्हणूनच ती आम्हांला फार मोलाची वाटते.

सर्व पहारेकरी आणि खुद्द अकुमा आडवा झाल्यावर शेवटचे दार उघडते. मारिको समोर उभी असते. खेळणारा सवयीने पवित्र्यात असतो आणि तसाच सरकत तिच्याकडे जातो. ती एक लाथ मारते आणि नायक मरतो. तास दोन तास केलेल्या सगळ्या खटाटोपाचा शेवट असा. त्या वेळच्या कित्येक खेळणाऱ्यांना हा विनोद वाटला, कित्येकांना अन्याय. आम्हांला तो अत्यंत न्याय्य वाटतो. तिने त्याची चाल वाचली. पवित्रा घेऊन येणारा माणूस सोडवायला आला आहे की धरायला, हे तिने कशावरून ओळखावे? हात खाली सोडून, साध्या देहाने तिच्याकडे गेले तर ती गळ्यात पडते. चार बिंदूंच्या चेहऱ्यावर भाव दाखवणे अशक्य होते. अर्थ सारा चालीत साठवावा लागला, आणि तो इतका नेमका साठला की त्यावर कथेचा शेवट तोलता आला. बाल्झाकला ही गोष्ट आवडली असती.

1985 साली मेक्नरने पुढच्या खेळासाठी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावले आणि ते व्हिडिओवर टिपले. मग दूरदर्शन संचावर चित्र थांबवून त्याची छायाचित्रे काढली, ती काळ्या शाईने आणि खोडण्याच्या पांढऱ्या रंगाने ठळक छायाकृतींत बदलली आणि संगणकात उतरवली. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' 1989 साली प्रसिद्ध झाला. ह्यातली तलवारबाजी मात्र भावाची नव्हे. 1938 सालच्या 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'मधल्या अखेरच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन काही सेकंदच अगदी काटकोनात, बाजूने दिसतात. ती सेकंदे मेक्नरने गिरवली. त्या चित्रपटाचे द्वंद्व बसवले होते फ्रेड कॅव्हन्स ह्या बेल्जियन तलवारमास्तराने. म्हणजे इराणचा हा राजपुत्र धावतो न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या शाळकरी पोरासारखा आणि लढतो युरोपीय आखाड्याच्या नियमाने. अरबी सुरस कथांचा पूर्वरंग घेतलेल्या ह्या महालात पूर्वेकडचे असे शरीर एकही नाही. पौर्वात्यवादावर लिहिणाऱ्यांनी पडदे, कमानी आणि वजीर पुष्कळ तपासले. पावलांकडे त्यांचे लक्ष गेलेले आमच्या पाहण्यात नाही.

ह्या खेळाची मूळ संहिता, म्हणजे त्याचा प्रोग्राम, बराच काळ हरवलेला होता. 2012 साली मेक्नरच्या वडिलांना जुन्या चकत्या घरात सापडल्या आणि तो सर्वांसाठी खुला झाला. हस्तलिखिते तपासण्याची आवड असणाऱ्यांनी तो जरूर पाहावा. त्यात हालचालींची एक मोठी सारणी आहे: कोणत्या चौकटीनंतर कोणती, आणि त्या चौकटीबरोबर शरीर किती बिंदू पुढे सरकवायचे. हा दुसरा आकडा महत्त्वाचा. शरीर एकसारख्या वेगाने सरकवले तर जमिनीवर टेकलेला पाय बर्फावर असल्यासारखा घसरतो, आणि पाय घसरला की विश्वासही घसरतो. खरे शरीर एकसारख्या वेगाने जात नाही. टाच टेकताना मंदावते, रेटा देताना उसळते. मेक्नरने ही लय चौकटीगणिक आकड्यांत बांधली. छंदःशास्त्र शिकवणाऱ्यांना ही सारणी पाहून गणांच्या मांडणीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

त्याची किंमतही मोजावी लागली. राजपुत्राला धावायला लागण्यापूर्वी शरीर सावरावे लागते, थांबताना दोन पावले जास्त पडतात. कळ दाबली आणि झाले, असे नाही. कड्याच्या टोकाशी जायचे तर जपून टाकण्याचे छोटे पाऊल निराळ्या कळीने टाकावे लागते. खेळणारा चिडतो, पण त्या चिडीतूनच त्या देहाला वजन येते.

कॅपकॉमच्या 1991 सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'ने नेमका उलटा मार्ग धरला. तेथली माणसे हाताने काढलेली, भडक, अवाढव्य. कोणाच्या छायाचित्रावरून गिरवलेली नव्हेत. दांडी पुढे ढकलताच रियू पूर्ण वेगाने चालू लागतो, तयारीच्या चौकटी नाहीत, कारण सेकंदाचे साठ भाग करणाऱ्या त्या झुंजीत तीनचार भागांचा उशीर म्हणजे तोंडावर ठोसा. चेहरा सदैव प्रतिस्पर्ध्याकडे. दोघांनी जागा बदलल्या की चित्र आरशातल्यासारखे उलटते, त्यामुळे सगात ह्या एकाक्ष योद्ध्याची पट्टीदेखील एका डोळ्यावरून दुसऱ्यावर जाते! लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हे जुने शब्द येथे चपखल बसतात. ह्या खेळातल्या एका कल्पनेला मात्र दाद दिलीच पाहिजे: दांडी मागे ओढणे ह्याचा अर्थ माघारही आणि बचावही. मागे पडणारे पाऊल हीच ढाल. त्यामुळे दोन कसलेले खेळणारे कितीतरी वेळ एकही फटका न मारता नुसते पुढेमागे सरकत एकमेकांचे अंतर चाचपतात; त्या पदन्यासाला खेळणाऱ्यांनी फुट्सीज असे नाव दिले आहे. पुढच्याच वर्षी, 1992 मध्ये, 'मॉर्टल काँबॅट'ने खऱ्या नटांची छायाचित्रेच पडद्यावर आणली. नट खरे, कपडे खरे, आणि चालताना मात्र ती कागदी बाहुल्यांसारखी वाटतात. आम्हांला तरी त्यात 'कराटेका'च्या चार बिंदूंएवढाही जीव दिसत नाही. 1993 पासून 'व्हर्चुआ फायटर'ने त्रिमिती देह आणले आणि प्रश्नांची पाटी पुन्हा कोरी झाली. तो इतिहास वेगळा.

राजपुत्राकडे पुन्हा एकदा वळून थांबू. यंत्राची स्मृती संपत आली होती. शत्रूसाठी नव्या चौकटी ठेवायला जागा नव्हती. तेव्हा राजपुत्राच्याच चौकटी थोड्या सरकवून, स्वतःवरच उलट्या छापून एक झिरझिरीत छाया तयार करण्यात आली. एका मंतरलेल्या आरशातून उडी मारताना ती राजपुत्रातून बाहेर पडते. तिची चाल तीच, पवित्रा तोच. दुसरी चाल तिच्यासाठी शिल्लकच नव्हती. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्राच्याच आयुष्यातून वजा होतो. कळ शोधून तलवार म्यान करावी लागते. मग तीही म्यान करते. त्यानंतर पवित्रा सोडून साध्या पावलांनी तिच्याकडे जायचे, म्हणजे दोघे एक होतात. आणि पुढे, जिथे जमीनच नव्हती, तिथे राजपुत्र धावत सुटला की एकेक फरशी त्याच्या पावलाखाली येत जाते.